लाइनवर कोण आहे?

मंगळवार, 11 सप्टेंबर 2001. सकाळचे 8 वाजून 24 मिनिटं. भारतात संध्याकाळचे सहा व्हायला आलेत. तुम्ही अमेरिकेतल्या नॅशुआ शहरात, बॉस्टन हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात एका कंट्रोलरच्या पाठीशी उभे आहात. लॉस एंजेलिसला निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं 11 नंबरचं विमान दहा मिनिटं गप्प आहे. त्याचा ट्रान्सपॉन्डरही बंद झालाय. एवढ्यात हेडफोनमध्ये अनोळखी आवाज येतो. आपल्या ताब्यात ‘काही विमानं’ आहेत, असं तो म्हणतो. त्यातलं अनेकवचन कंट्रोलरला नीट ऐकू येत नाही. टेप पुन्हा ऐकून ते वर कळवेपर्यंत नऊ वाजून जाणार आहेत.

अपहरण झालं तर काय करायचं, हे कागदावर ठरलेलं आहे. केंद्रानं हर्नडनच्या कमांड सेंटरला कळवायचं, हर्नडननं वॉशिंग्टनमधल्या हवाई वाहतूक प्रशासनाच्या मुख्यालयाला, मुख्यालयानं पेंटॅगॉनमधल्या लष्करी नियंत्रण कक्षाला. तिथून संरक्षणमंत्र्यांची मंजुरी, आणि मग लढाऊ विमानांना हुकूम. सगळं ‘योग्य मार्गानं’. बॉस्टनची माणसं 8:28ला हर्नडनला कळवतात, पण त्या मार्गावर विसंबून राहत नाहीत. 8:37ला ती न्यूयॉर्क राज्यातल्या रोम इथल्या हवाई संरक्षण केंद्राला थेट फोन लावतात.

आता तुम्ही रोममध्ये आहात. इथे लष्करी सराव चालू आहे, त्यामुळे फोन घेणारा आधी विचारतो, हे खरं आहे की सरावाचा भाग? खरं आहे, असं उत्तर येतं. त्या दिवशी चार विमानांपैकी एकाचीही याहून लवकर खबर लष्कराला मिळणार नाही, आणि ही खबर आहे जेमतेम नऊ मिनिटं आधीची. 8:46ला ओटिस तळावरच्या एफ-15 विमानांना उड्डाणाचा हुकूम सुटतो आणि त्याच मिनिटाला 11 नंबरचं विमान न्यूयॉर्कमधल्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यावर आदळतं. 9:03ला दुसरं विमान दक्षिण मनोऱ्यावर. त्याच्या अपहरणाची खबर रोमला साधारण त्याच सुमारास मिळते.

पेंटॅगॉनमध्ये चला. 9:29ला इथला कक्ष कॉन्फरन्स कॉल सुरू करतो. त्याआधी 9:20ला हवाई प्रशासनाचा स्वतःचा कॉल सुरू झालाय. तोवर व्हाइट हाउसनंही व्हिडिओ कॉन्फरन्सची जुळवाजुळव चालवली आहे. तीन बैठका, आणि प्रत्येकीत मोठ्या हुद्द्याची माणसं. पण विमानं कुठं आहेत हे ज्यांना कळतंय आणि लढाऊ विमानं ज्यांच्या हाताखाली आहेत, ते दहा वाजेपर्यंत एकाही बैठकीत समोरासमोर येत नाहीत. पेंटॅगॉनच्या कॉलवर पुन्हा पुन्हा विचारणा होते: हवाई प्रशासनाचं कुणी लाइनवर आहे का? सुरक्षित फोनची यंत्रणा जुळत नाही. अखेर 10:17ला त्यांचा एक अधिकारी जोडला जातो. अपहरणाच्या कामाशी त्याचा संबंध नाही आणि निर्णय घेणाऱ्या वरिष्ठांपर्यंत त्याची पोच नाही.

खरी बातमी अशी अडकते, पण खोटी सुसाट धावते. 9:21ला रोमला कळवलं जातं की 11 नंबरचं विमान अजून हवेतच आहे आणि वॉशिंग्टनकडे येतंय. ते आदळून 35 मिनिटं झाली आहेत. या नसलेल्या विमानासाठी लँगली तळावरून लढाऊ विमानं उठतात आणि समुद्राच्या दिशेनं, पूर्वेला जातात. 9:37ला पेंटॅगॉनवर तिसरं विमान आदळतं तेव्हा ती वॉशिंग्टनपासून सुमारे 150 मैलांवर आहेत.

आता हर्नडन. राष्ट्रीय कामकाज प्रमुख म्हणून बेन स्लायनी यांचा आज पहिलाच दिवस आहे. तरीही पेंटॅगॉनवरच्या हल्ल्यानंतर काही मिनिटांत ते देशावर उडणारं प्रत्येक विमान जवळच्या विमानतळावर उतरवायचा हुकूम देतात. सुमारे 4,500 विमानं उतरवली जातात. जो निर्णय एकाच यंत्रणेच्या हातात होता तो झटपट झाला, ही या सकाळची दुसरी बाजू.

तिथंच थांबा. युनायटेडचं 93 नंबरचं विमान पळवल्याचं हर्नडननं मुख्यालयाला 9:34ला कळवलंय. क्लीव्हलँड केंद्र विचारतं, लष्कराला सांगितलं का? उत्तर मिळतं की ते वरच्यांनी ठरवायचं. 9:49ला हर्नडन मुख्यालयाला पुन्हा तेच विचारतं. तिकडे कुणालाच नक्की सांगता येत नाही. विमानातल्या प्रवाशांना मात्र घरच्यांच्या फोनवरून न्यूयॉर्कची बातमी कळली आहे. ते आपसात ठरवतात आणि कॉकपिटवर चाल करून जातात. 10:03ला विमान पेन्सिल्व्हेनियातल्या शेतात कोसळतं. लष्कराला या अपहरणाची पहिली खबर मिळते 10:07ला.

त्या सकाळी नियंत्रण कक्षांत फोनची कमतरता नव्हती. कमी होती ती आधीच्या ओळखीची. दुसऱ्या कक्षात कोण बसतं, त्याच्या हातात काय आहे आणि पहिल्या मिनिटाला आपण त्याला काय सांगायचं, हे हल्ल्याच्या दिवशी शोधत बसण्याची गोष्ट नाही. अमेरिकेनं नंतर सुधारणा केली तीही इथेच. नियंत्रण केंद्रं, लष्कर आणि सुरक्षा यंत्रणा यांना जोडणारी एक सामाईक फोन लाइन तेव्हापासून चोवीस तास चालू असते. संकट नसतानाही ती बंद करत नाहीत.