गाडीतलं पाणी जातं कुठे?

गाडीतलं पाणी कमी होणं हा बिघाड आहे, ही कल्पना तशी बरीच नंतरची आहे, बरं का मंडळी. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत पाणी कमी व्हायलाच हवं होतं.

कार्ल बेन्झच्या १८८६ च्या तीनचाकीला रेडिएटरच नव्हता. सिलिंडरभोवती पाणी असायचं, ते उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि जाताना उष्णता घेऊन जायचं. झालं कूलिंग! ऑगस्ट १८८८ मध्ये त्याची बायको बेर्टा हिने त्याच गाडीची सुधारलेली आवृत्ती बाहेर काढली आणि नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. शंभरावर किलोमीटर. वाटेत तिने वीस्लोखच्या औषधाच्या दुकानातून इंधन घेतलं, ते सगळे सांगतात. पण पाण्यासाठी तिला कितीदा तरी थांबावं लागलं होतं, त्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. विहीर, ओढा, खानावळ, जिथे मिळेल तिथे. 'गळती कुठे आहे?' हा प्रश्नच तिथे निघत नाही. आख्खी गाडीच गळती.

मग आला विल्हेल्म मायबाख. डाइम्लरच्या १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी त्याने मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर केला. ६ बाय ६ मिलिमीटरच्या ८,०७० नळ्या एकमेकींना डाख देऊन जोडलेल्या. नळ्यांतून हवा, नळ्यांमधल्या फटींतून पाणी. आधी १८ लिटर पाणी लागायचं, ते ९ वर आलं. माझ्या मते मोटारीच्या इतिहासातला हा सर्वात सुंदर भाग आहे, इंजिनपेक्षाही. पण जरा हिशोब करा. आठ हजार नळ्या, प्रत्येकीला दोन टोकं, म्हणजे डाखाच्या सोळा हजार जागा. त्यातही तेव्हाचे खडखडाटी रस्ते. एक जोड उकलला की ठिबक सुरू. गळती हा बिघाड खरा इथे जन्माला आला.

फोर्डच्या मॉडेल टीमध्ये तर (अगदी पहिल्या काही गाड्या सोडल्या तर) पंपसुद्धा नव्हता. गरम पाणी आपोआप वर चढतं, थंड खाली येतं, एवढ्यावर सगळा कारभार. पण पाण्याची पातळी वरच्या होजच्या खाली गेली की फिरणं बंद, आणि थोड्या वेळात उकळी. मग लोक रेडिएटरमध्ये काय काय टाकायचे! ओटचं पीठ, मोहरीची पूड, अंड्याचा पांढरा भाग. आपल्याकडे हळद. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण व्हायच्या आधी खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्यात त्यांना ही हळद नवीन नाही. पाण्याबरोबर कण भोकापर्यंत जातात आणि तिथे अडकून बसतात, एवढंच त्यातलं शास्त्र. अडचण अशी की भोक कुठलं आणि रेडिएटरची बारीक नळी कुठली, हे हळदीला कळत नाही :-)

हसू नका, याच युक्तीवर एक अणुपाणबुडी तरली आहे. १९५८ साली अमेरिकेची नॉटिलस उत्तर ध्रुवाखालून जायच्या गुप्त मोहिमेवर निघाली होती, आणि तिच्या कंडेन्सरमध्ये समुद्राचं पाणी झिरपत होतं. टर्बाइन फिरवून आलेल्या वाफेचं तिथे पुन्हा पाणी होतं. त्यात मीठ शिरलं तर सगळी यंत्रणा खराब, आणि डोक्यावर बर्फ असताना वर यायची सोय नाही. भोक काही सापडेना. शेवटी कमांडर विल्यम अँडरसन यांनी सिएटलमध्ये खलाशांना साध्या कपड्यांत बाजारात पाठवलं. त्यांनी मोटारीच्या रेडिएटरची गळती बुजवायच्या औषधाचे १४० डबे आणले, १ डॉलर ८० सेंटला एक. ते ओतलं आणि गळती थांबली! ३ ऑगस्ट १९५८ ला नॉटिलस ध्रुवाखालून गेली.

तरीही मी माझ्या गाडीत ते ओतलं नाही. नॉटिलसकडे दुसरा इलाज नव्हता, माझ्याकडे होता.

कारण मधल्या काळात यंत्रणा बंदिस्त झाली. आधी थंडीत पाणी गोठू नये म्हणून घालायचं अल्कोहोल उडून जायचं. १९२७ मध्ये अमेरिकेत प्रेस्टोनचं इथिलीन ग्लायकॉल आलं, ते सहज उडत नाही. पुढे दाबाचं झाकण आलं. साधारण एक बार जास्त दाब ठेवला की पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. (म्हणून तापल्या गाडीचं झाकण उघडू नये, पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.) पण त्यामुळे चोर शोधणं अवघड झालं. थंड असताना गप्प बसलेलं भोक दाबाखाली तोंड उघडतं आणि थेंब गरम लोखंडावर वाळून जातो.

माझ्या गाडीचं तेच चाललं होतं. आठवड्याला बोटभर कूलंट कमी, खाली फरशीवर डाग नाही. आईला घेऊन कोल्हापूरला जायचं होतं. एका गॅरेजवाल्याने "बाटली ओता आणि जा" म्हणून सांगितलं. दुसरीकडे काकांनी थंड गाडीच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवला, झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंत हवा भरली आणि म्हणाले, "साहेब, आता काट्याकडे बघत बसा." काटा हळूहळू उतरायला लागला. मग टॉर्च, छोटा आरसा, आणि वॉटर पंपाच्या खाली एका बारीक छिद्रापाशी वाळलेला गुलाबी थर.

गंमत म्हणजे ते छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपाच्या दांड्याचं सील झिजलं की कूलंट बेअरिंगमध्ये शिरण्याऐवजी तिथून बाहेर यावं, म्हणून. म्हणजे ते छिद्र बुजवलं असतं तर कूलंट बेअरिंगकडे वळलं असतं. काकांनी पंप बदलला, नवीन कूलंट भरून यंत्रणेतली हवा काढली आणि पुन्हा दाब दिला. पंधरा मिनिटं काटा जागचा हलला नाही. नव्या पंपालाही तसंच छिद्र आहे, तेवढं मी टॉर्च मारून बघून घेतलं.