लपलेली वस्तू, शोधणारी नजर : हातातल्या एका खेळाचा इतिहास

भिलाईच्या औद्योगिक पट्ट्यात हथखोज नावाचे एक ठिकाण आहे. अवजड उद्योगांची वसाहत म्हणून ते ओळखले जाते. मराठी कानाला या नावात 'हात' आणि 'खोज' असे दोन शब्द सहज ऐकू येतात. आजचा विषयही नेमका याच दोन शब्दांचा आहे : हातात मावणाऱ्या कन्सोलवर लपलेल्या वस्तू शोधण्याचा खेळ. एखाद्या जुन्या वाड्यातील अडगळीची खोली पडद्यावर दिसते. बाजूला यादी असते : कात्री, किल्ली, पिसारा, घड्याळ. यादीतील प्रत्येक वस्तू सापडली की रहस्याचा एक धागा उलगडतो. हा खेळ फावल्या वेळाचा मानला जातो; परंतु त्याचा इतिहास दृष्टिविज्ञानाच्या इतिहासाला समांतर चालला आहे आणि काही ठिकाणी दोन्ही वाटा एकमेकींना मिळाल्या आहेत.

शोधणाऱ्या नजरेचा पद्धतशीर अभ्यास खेळातून नव्हे, तर युद्धातून सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाचे रडारचालक समुद्रावरील पाणबुड्यांच्या खुणा तासन्‌तास पडद्यावर शोधत असत. प्रशिक्षित माणसांकडूनही खुणा का निसटतात, हा प्रश्न केंब्रिजमधील मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांच्याकडे आला. त्यांनी एक कोरी तबकडी घेतली. तिच्यावरील काटा दर सेकंदाला एक घर पुढे सरके आणि क्वचित एकदम दोन घरे उडी घेई. ती दुहेरी उडी टिपणे, एवढेच काम. पहिल्या अर्ध्या तासानंतरच माणसांची अचूकता लक्षणीय घटते, असे त्यांनी १९४८ मध्ये प्रसिद्ध केले. डोळे उघडे असणे आणि नजर जागी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे प्रयोगाने सिद्ध झाले.

पुढचा टप्पा सोव्हिएत रशियात गाठला गेला. आल्फ्रेड यार्बुस यांनी डोळ्यांच्या हालचाली नोंदवणारे साधन तयार केले आणि इल्या रेपिन यांचे एक प्रसिद्ध चित्र प्रेक्षकाला दाखवले. चित्र तेच, प्रश्न मात्र दरवेळी निराळा : या कुटुंबाची सांपत्तिक स्थिती कशी आहे? या माणसांची वये किती? प्रश्न बदलताच नजरेचा मार्ग बदलला. त्यांचा रशियन ग्रंथ १९६५ मध्ये आणि इंग्रजी अनुवाद १९६७ मध्ये आला. लपलेल्या वस्तूंच्या खेळातील यादी हे कामच करते. ती म्हणजे डोळ्यांना विचारलेला प्रश्न होय.

आता एक योगायोग पाहा. १९८० च्या एप्रिलमध्ये जपानच्या निन्टेन्डो कंपनीने 'गेम अँड वॉच' मालिकेतील पहिला खेळ बाजारात आणला. मुळात गंजिफ्यासारखे पत्ते बनवण्यासाठी १८८९ मध्ये सुरू झालेल्या या कंपनीत गुनपेई योकोई नावाचे कल्पक अभियंते होते. नवलाईच्या महागड्या तंत्राऐवजी जुने, स्वस्त आणि मुरलेले तंत्र नव्या कामाला जुंपावे, हे त्यांचे सूत्र. गणनयंत्रांमुळे स्वस्त झालेला द्रवस्फटिक पडदा त्यांनी खेळासाठी वापरला. त्याच सूत्राचे मोठे फळ म्हणजे १९८९ चा 'गेम बॉय' : १६० गुणिले १४४ बिंदूंचा, अवघ्या चार छटांचा पडदा. आपल्याकडील जत्रांत आणि खेळण्यांच्या दुकानांत मिळणारे '९९९९ इन १' हे विटांचे खेळ याच कुळातले, गरीब घरचे नातलग.

त्याच १९८० मध्ये ॲन ट्रीझमन आणि गॅरी गेलेड यांनी अवधानाचा 'वैशिष्ट्य-एकत्रीकरण सिद्धान्त' मांडला. हिरव्या टिकल्यांत एकच तांबडी टिकली असेल, तर ती क्षणात डोळ्यांत भरते. टिकल्या दहा असोत वा शंभर, वेळ जवळपास तेवढाच लागतो. परंतु तांबडी आणि उभी रेघ शोधायची असेल, आणि भोवती तांबड्या आडव्या व हिरव्या उभ्या रेघा असतील, तर नजरेला एकेक रेघ तपासत जावे लागते. गर्दी वाढेल तसा वेळ वाढतो. एकटा रंग किंवा एकटी दिशा आपोआप कळते. दोहोंची सांगड घालायला मात्र अवधान खर्चावे लागते. लपलेल्या वस्तूंच्या खेळाचा चित्रकार हेच जाणतो. पिवळी पेन्सिल तो पिवळ्याच चौकटीला चिकटवतो, आणि चमचा स्वयंपाकघरात न ठेवता झुंबरात लटकवतो. पहिल्या युक्तीने रंगाची मदत संपते, दुसरीने अनुभवाची.

या कलेची छापील पूर्वपीठिका जुनी आहे. मार्टिन हँडफर्ड यांचे 'व्हेअर्ज वॉली?' हे पुस्तक १९८७ चे. आपल्याकडेही मुलांच्या मासिकांनी चित्रकोड्यांची गोडी कित्येक पिढ्यांना लावली. संगणकावर या प्रकाराला मोठी लोकप्रियता मिळाली ती २००५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या 'मिस्टरी केस फाइल्स : हंट्सव्हिल' या खेळाने. त्याच मालिकेतील 'मिलियनेअर' २००८ मध्ये निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या कन्सोलवर आला.

येथे एक तांत्रिक अडचण होती. त्या काळच्या संगणकावर ८०० गुणिले ६०० बिंदूंची प्रतिमा सर्रास असे; डीएसच्या एका पडद्यावर २५६ गुणिले १९२, म्हणजे जेमतेम एक दशांश बिंदू. म्हणून अशा खेळांत दृश्याचा एक तुकडाच मोठा करून दाखवणे आणि लेखणीने तो सरकवत जाणे ही रीत पडली. गंमत अशी, की आपला डोळाही तुकड्यातुकड्यानेच पाहतो. दृष्टिपटलाचा सर्वांत तीक्ष्ण भाग सुमारे दोन अंशांचा असतो. तीस सेंटिमीटरवर धरलेल्या पडद्यावर तो जेमतेम एक सेंटिमीटर रुंदीचा ठिपका व्यापतो. हा ठिपका सेकंदाला तीनेक वेळा जागा बदलतो. संपूर्ण चित्र स्पष्ट दिसते, हा मेंदूने रचलेला समज आहे.

दुसरा योगायोग अधिक गंभीर आहे. 'हंट्सव्हिल' आला त्याच २००५ मध्ये जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. प्रयोगातील निम्म्या चित्रांत शोधावयाची वस्तू होती, तेव्हा पाहणाऱ्यांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा निसटली. शंभरातील एकाच चित्रात वस्तू ठेवली, तेव्हा निसटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेले. वस्तू तीच, डोळे तसेच. केवळ ती दुर्मीळ झाली. वारंवार 'नाही' हे उत्तर बरोबर ठरू लागले, की मन शोध लवकर थांबवते.

खेळ आणि व्यवहार यांतील मूलभूत फरक येथे आहे. खेळात यादीतील वस्तू पडद्यावर असतेच. खेळाडू म्हणूनच चिकाटी सोडत नाही. विमानतळावरील तपासनीस, क्ष-किरणचित्र वाचणारा डॉक्टर यांना अशी हमी नसते. हा फरक मोजण्यासाठी पुढे हातातलाच एक खेळ कामी आला. 'एअरपोर्ट स्कॅनर' या मोबाइल खेळात प्रवाशांच्या सामानातील निषिद्ध वस्तू शोधायच्या असतात. त्यातील प्रचंड नोंदी अभ्यासून स्टीफन मिट्रॉफ आणि ॲडम बिग्ज यांनी २०१४ मध्ये दाखवले, की एक टक्क्याहून अधिक वेळा येणाऱ्या वस्तू ९२ टक्के वेळा सापडतात, तर ०.१५ टक्क्याहूनही विरळ असलेल्या केवळ २७ टक्के. इतक्या दुर्मीळ गोष्टीचा प्रयोग प्रयोगशाळेत करायचा, तर एकेका माणसाला हजारो चित्रे दाखवावी लागली असती.

भारताच्या दृष्टीने हे आकडे दूरचे नाहीत. भिलाईच्या पोलाद कारखान्यात रेल्वेसाठी रूळ तयार होतात. २६० मीटर लांबीचे रूळही तेथून जातात. पोलादाच्या आत दडलेली भेग श्राव्यातीत ध्वनिलहरींनी शोधतात, आणि बहुतेक रूळ निर्दोष असतात हीच शोधणाऱ्याची खरी परीक्षा. ७ डिसेंबर २०२४ रोजी सुरू झालेल्या शंभर दिवसांच्या क्षयरोग मोहिमेत हातात मावणारी क्ष-किरण यंत्रे गावोगावी गेली. लक्षणे नसलेल्यांचीही तपासणी झाली, की निरोगी छातीच्या चित्रांत रोगाचा डाग विरळ होतो. अशा वेळी संगणकीय वाचनाची जोड उपयोगी पडते. तपासणीसाठी तिचा वापर करण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच केली आहे. यंत्र थकत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तरीही न मागितलेली गोष्ट दिसणे हे अजून माणसाचे बलस्थान आहे. नारायणगावजवळील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. २०१३ मध्ये डॉ. आनंद होता यांनी सुरू केलेल्या 'रॅड ॲट होम' या उपक्रमात विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक आकाशाच्या रेडिओ प्रतिमांत विलक्षण दीर्घिका शोधतात. 'रॅड१२' ही त्यांतली एक : तिच्यातील कृष्णविवराचा झोत थेट शेजारच्या दीर्घिकेवर आदळतो आहे. हा शोध २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. येथे यादीच नव्हती. काय शोधायचे हेही शोधणाऱ्यानेच ठरवायचे होते. मात्र इथेही सावध राहावे लागते. २०१३ च्याच एका प्रयोगात फुप्फुसांच्या चित्रांत गाठी शोधणाऱ्या २४ तज्ज्ञांपैकी २० जणांना त्याच चित्रात मुद्दाम ठेवलेला, गाठीच्या ४८ पट मोठा गोरिला दिसला नव्हता.

या इतिहासातून उपायही निघाले आहेत. विमानतळांवरील क्ष-किरण यंत्रे अधूनमधून खोट्या शस्त्राची प्रतिमा खऱ्या सामानात मिसळतात आणि तपासनिसाने ती टिपली का, हे लगेच सांगतात. स्तनकर्करोगाच्या तपासणीत अनेक देशांत तेच चित्र दोन डॉक्टर स्वतंत्रपणे पाहतात. यांतील पहिला उपाय म्हणजे कामात पेरलेला लपलेल्या वस्तूंचा खेळच आहे. दुर्मीळ वस्तू थोडी कमी दुर्मीळ केली, की नजर जागी राहते. ज्या विद्यार्थ्यांना पुढे सूक्ष्मदर्शकाखाली, दुर्बिणीच्या प्रतिमांत किंवा रुग्णालयात शोधाचे काम करावयाचे आहे, त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे : 'काही नाही' असे लिहिण्यापूर्वी, येथे वस्तू आहेच असे समजून एकदा पुन्हा पाहावे.