भोसले घाट, नाभिकाचा वस्तरा आणि केसाचे रसायन

वाराणसीत मणिकर्णिकेच्या उत्तरेस भोसले घाट आहे. नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला. काशी, प्रयाग आणि गया या त्रिस्थळी यात्रेला निघालेल्या मराठी माणसाचे गंगेशी असलेले नाते या घाटापेक्षा कितीतरी जुने. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात काशीतच ‘त्रिस्थलीसेतु’ हा ग्रंथ रचला. तीर्थावर कोणी किती केस द्यावेत, याची सविस्तर चर्चा त्यात आहे. पुरुषाने मुंडन करावे, सुवासिनीने मात्र दोन अंगुळे केसच कापावेत, असा भेद शास्त्रकारांनी केला होता. प्रयागच्या संगमावर मराठी सुवासिनी आजही वेणीदान करतात.

संगमात वाहिलेले केस बुडतात, अशी श्रद्धा आहे. भौतिकशास्त्राला यात नवल वाटत नाही. केसाची घनता पाण्याच्या सुमारे १.३ पट असते. केस तरंगतो तो त्यावरील तेलामुळे, अडकलेल्या हवेमुळे आणि पाण्याच्या पृष्ठताणामुळे. नीट भिजलेला केस कोणत्याही नदीत तळाशीच जातो.

केसाचा दिसणारा भाग निर्जीव असतो. सर्वांत बाहेर कौलांसारखे एकावर एक रचलेले खवले, म्हणजे क्युटिकल. त्याच्या आत केसाला बळ देणारा कॉर्टेक्स. जाड केसात मधोमध मेड्युला आढळतो, बारीक केसात तो बहुधा नसतो. केसाचे मुख्य द्रव्य केराटिन हे प्रथिन होय. त्याच्या साखळ्या गंधकाच्या पुलांनी, म्हणजे डायसल्फाइड बंधांनी, एकमेकींशी जोडलेल्या असतात. जळत्या केसाचा उग्र दर्प या गंधकामुळेच येतो. रंग कॉर्टेक्समधील मेलॅनिनचा. युमेलॅनिन काळा-तपकिरी रंग देते, फिओमेलॅनिन तांबूस-पिवळा. मुळाशी असलेल्या रंगपेशी थकल्या की नवा केस रंगाविनाच उगवतो. पांढरा हा त्याचा रंग नसून रंगाचा अभाव असतो.

जिवंत असते ते त्वचेखालचे केशमूळ. तेथून केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. म्हणूनच विधवेचे केशवपन एकदा करून भागत नसे. केस पुन्हा उगवत आणि नाभिकाला पुन्हा बोलावले जाई. वस्तऱ्याने केसाला वेदना होत नव्हती, विटंबना मात्र आयुष्यभर पुरत असे. काशीत जन्मलेल्या झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंनी वैधव्यात केशवपन केले नव्हते आणि त्याबद्दल त्या नित्य प्रायश्चित्त करीत, असे विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्ये आले आहे. राणीलाही जेथे मोल द्यावे लागले, तेथे सामान्य घरातील बालविधवेला नकाराची मुभा कोठून असणार?

तो नकार वस्तरा धरणाऱ्या हातांनी दिला. सत्यशोधक चळवळीतील गिरणी कामगारांचे पुढारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८९० मध्ये मुंबईतील नाभिक एकत्र आले आणि विधवांचे केशवपन करणार नाही, असे त्यांनी ठरवले. ज्या कामावर पोट चालते, त्यातीलच एक काम अन्याय्य म्हणून नाकारणे सोपे नव्हते. भारतातील सामाजिक सुधारणेच्या इतिहासात या संपाचे स्थान म्हणूनच वेगळे आहे.

त्याच काळात युरोपात केसाचे रसायन आकार घेत होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचा शोध तेनार यांनी १८१८ मध्ये लावला होता. १९०७ च्या सुमारास फ्रेंच रसायनज्ञ यूजीन शुलर यांनी कृत्रिम केशरंग तयार केला. आजच्या कायम टिकणाऱ्या रंगात अमोनियासारखा अल्कली खवले उघडतो आणि पेरॉक्साइड मूळचे मेलॅनिन फिके करते. पॅराफेनिलिनडायअमाइनचे, म्हणजे पीपीडीचे, लहान रेणू आत शिरून एकमेकांशी जुळतात. त्यांचे मोठे रंगीत रेणू बनतात आणि ते आतच अडकून राहतात. मेंदीची रीत निराळी. तिच्यातील लॉसोन केराटिनलाच चिकटते, पण मूळ रंग फिका करीत नाही. केस कुरळे वा सरळ करताना थायोग्लायकोलेट काही गंधकी पूल तोडते. केसाला हवा तो आकार दिला की पेरॉक्साइड ते पुन्हा जोडते. सगळे पूल मात्र पुन्हा जुळत नाहीत आणि निर्जीव केस स्वतःची डागडुजी करू शकत नाही. वारंवार प्रक्रिया केलेला केस तुटतो, तो यामुळे.

केशकर्तनाचे शिक्षण घेणाऱ्यांनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. केस निर्जीव असला तरी त्याखालची त्वचा जिवंत आहे. पीपीडीमुळे काहींना तीव्र ॲलर्जी होते. म्हणून रंग लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूस थोडा रंग लावून पाहावा. खाज, सूज वा लाली आली, तर ग्राहकाने कितीही आग्रह धरला तरी रंग लावू नये. समोरच्या माणसाला इजा होणार असेल तर हातातले काम थांबवावे, हा या व्यवसायाचा धडा १८९० मध्येच मुंबईत घालून दिला गेला आहे.