ओपन मॅट

फिल्मवर टिपलेला, परंतु चित्रगृहात झाकला जाणारा वरचा व खालचा भाग उघडा ठेवून चित्रपट दाखवण्याच्या पद्धतीस ओपन मॅट असे म्हणतात. या पद्धतीत प्रेक्षकास चित्रगृहापेक्षा अधिक दृश्य दिसते. मात्र तो वाढीव भाग बहुधा दिग्दर्शकाने योजलेल्या चौकटीबाहेरचा असतो.

पार्श्वभूमी

३५ मिमी बोलपटांसाठी अमेरिकेत १९३२ पासून रुंदी व उंची यांचे १.३७:१ हे गुणोत्तर प्रमाण मानले गेले. दूरचित्रवाणीशी स्पर्धा करण्यासाठी १९५३ मध्ये हॉलिवूड रुंद पडद्याकडे वळले. पॅरामाउंटने जुन्या गुणोत्तरात चित्रित झालेला 'शेन' त्याच वर्षी १.६६:१ या प्रमाणात दाखवला. पुढे अमेरिकेत १.८५:१ हे गुणोत्तर रूढ झाले.

कार्यपद्धती

छायाचित्रकार कॅमेऱ्याच्या दर्शकातील खुणांनुसार रुंद चौकट साधतो. फिल्मवर मात्र पूर्ण चौकट उमटते. प्रक्षेपकात बसवलेली धातूची पट्टी वरचा व खालचा भाग झाकते. यास सॉफ्ट मॅट म्हणतात. १.८५:१ साठी मूळ उंचीचा सुमारे एक चतुर्थांश भाग झाकला जातो. फिल्मवरच काळ्या पट्ट्या असल्यास ती हार्ड मॅट होय. सिनेमास्कोपसारख्या ॲनामॉर्फिक पद्धतीत संपूर्ण चौकट वापरली जात असल्याने उघडण्याजोगा भाग उरत नाही.

गृहमाध्यमांतील वापर

जुन्या दूरचित्रवाणी संचाचा पडदा ४:३ प्रमाणाचा होता. तो भरण्यासाठी चित्राच्या बाजू कापणे (पॅन अँड स्कॅन) किंवा मॅट उघडणे हे दोन मार्ग होते. सुपर ३५ पद्धतीने चित्रित 'टायटॅनिक' (१९९७) चित्रगृहात २.३९:१ या गुणोत्तरात दाखवला गेला. त्याच्या त्रिमिती ब्लू-रे आवृत्तीत १.७८:१ ही अधिक उंच चौकट आहे.

प्रिंट स्कॅन

चित्रगृहात वापरलेल्या जुन्या प्रतीचे अंकीय रूपांतर म्हणजे प्रिंट स्कॅन. सॉफ्ट मॅट प्रतीच्या पूर्ण स्कॅनमध्ये झाकला जाणारा भागही दिसतो. परंतु प्रत्येक प्रिंट स्कॅन ओपन मॅट नसतो. प्रदर्शनकाळातील रंग व संकलन यांचा पुरावा म्हणून अशा प्रतींना महत्त्व आहे. तथापि प्रत ही मूळ निगेटिव्हपासून अनेक टप्पे दूर असल्याने तिच्यात तपशील कमी असतो; ओरखडे, रीळ बदलण्याच्या खुणा व रंग विटून आलेली लाली हे दोषही आढळतात.

मर्यादा

मॅट उघडल्याने माणसांच्या डोक्यावर रिकामी जागा वाढते आणि मांडणीचा तोल ढळतो. कधी ध्वनिग्राहकही दिसतो. 'पी-वीज बिग ॲडव्हेंचर' (१९८५) मध्ये सायकलीच्या छोट्या पेटीतून न संपणारी साखळी निघते. ओपन मॅट आवृत्तीत ती खालून पेटीत शिरताना दिसते आणि विनोद फसतो. त्यामुळे अधिक दृश्य म्हणजे अधिक अस्सल आवृत्ती असे मानता येत नाही. अस्सलता ठरवताना चित्रपट कोणत्या गुणोत्तरासाठी रचला होता, हे पाहावे लागते.