शस्त्रक्रियेनंतरचे सहा आठवडे

1941 साली मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय उघडले. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्याच्या कर्करुग्णाची वाट मात्र घाट ओलांडून नाशिक-मुंबईचीच राहिली. 2012 मध्ये आलेल्या राज्य सरकारच्या जीवनदायी आरोग्य योजनेने उपचारांचे बिल उचलले, अंतर नाही. तोंडाच्या कर्करोगात किरणोपचारांची गरज असेल तर ते शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांत सुरू व्हावे लागतात आणि पुढे सहाएक आठवडे, आठवड्याला पाच दिवस चालतात. भात-नागली आटोपून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जाणाऱ्या घरातल्या दोघांची त्या काळात रोजी बुडते, रुग्णाची आणि सोबत्याचीही. मग किरणोपचार सुटले की लोक अडाणी, भगताकडे वळतात, असा आक्षेप येतो. भीती असतेच, पण ज्याने शस्त्रक्रियेला अंग दिले, त्याचा दवाखान्यावर विश्वास नव्हता असे कसे म्हणावे? मुक्काम आणि बुडीत मजुरी योजनेतच धरायला हवी.