जुन्नरला जेवायला कुठे जायचं?

गेल्या महिन्यात टीममधल्या नव्या मुलाने विचारलं, "तू मंचरचा ना? तुमच्याकडे वीकेंडला बघण्यासारखं काय आहे?" मी सवयीने सांगून टाकलं, "शिवनेरी आहे, लेण्याद्री आहे. बाकी काही नाही रे, कांदे आणि टोमॅटो!"

घरी येताना मात्र चुटपुट लागली. मोठ्या शहरात नवा माणूस आला की चारच गोष्टी विचारतो: खायचं कुठे, राहायचं कुठे, विकत काय घ्यायचं आणि रात्री काय करायचं? म्हटलं, हेच प्रश्न जुन्नरला विचारून बघू. कारण दोन हजार वर्षांपूर्वी हेच 'मोठं शहर' होतं. सोपारा-कल्याणला उतरलेला माल नाणेघाट चढून वर यायचा आणि जुन्नरवरून पुढे पैठणकडे जायचा. घाटमाथ्यावर अजून दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. तिथल्याच लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख आहे. यज्ञांत दिलेल्या गाई आणि कार्षापण नाणी यांचे आकडे त्यात चक्क अंकांत कोरलेत, तेही शून्य नसताना! आमच्या धंद्यातल्या माणसाने एकदा तरी हात जोडावेत अशी जागा.

आता जेवण. शिवनेरीवर आपण शिवजन्मस्थान बघतो, फोटो काढतो आणि उतरतो. त्याच डोंगराच्या पोटात बौद्ध लेणी आहेत आणि एका लेण्यातला ब्राह्मी लेख सांगतो की, गतांपैकी यवन चिट याने संघाला भोजनमंडप दान दिला. यवन म्हणजे ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. 'गत' म्हणजे कोण यावर विद्वानांचे वाद आहेत, ते असोत. मला गंमत वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. परमुलखातून आलेल्या या माणसाने काय बांधलं, तर दुसऱ्यांना जेवायला जागा! इरिल नावाच्या आणखी एका यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. लेण्याद्रीचं चैत्यगृह कल्याणच्या एका सोनाराच्या (काहींच्या मते खजिनदाराच्या) मुलाने, सुलसदत्ताने दिलंय. म्हणजे वीकेंडला मुंबईकडून लोक येण्याची परंपरा जुनीच :)

बाजारही होता. धान्यविक्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचं लेणं आणि टाकं दिलं. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याचेही लेख आहेत. आजच्या भाषेत, एफडी!

मुक्कामाचं विचाराल तर बहमनी काळात या. १४७० च्या आसपास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलहून जुन्नरला आला, म्हणजे वास्को द गामाच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. ऐन पावसाळ्यात दोन महिने राहिला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, अशी तक्रार त्याने लिहून ठेवलीय (ती आजही मागे घेता येणार नाही). परके व्यापारी सराईत उतरतात आणि तिथल्या बायका त्यांना रांधून वाढतात, हेही लिहिलंय. त्याचा विकायला आणलेला घोडा इथल्या खानाने काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असं बजावलं. शेवटी मध्ये पडला तो ख्वाजा मुहंमद, तोही खुरासानचा, म्हणजे परकाच. घोडा परत मिळाला.

राहिली रात्र. इथे मात्र मी अडखळलो. यादीत नारायणगाव मी 'हायवेवरचं गाव' एवढंच लिहिलं होतं. वास्तविक दरवर्षी पाडव्याच्या सुमाराला तिथे तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच जत्रेची सुपारी द्यायला येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच गावच्या. १९५७ आणि १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींकडून गौरवण्यात आलं. पण शेवटची वर्षं हलाखीत गेली आणि २००२ मध्ये त्या वारल्या. हे सगळं मला माहीत होतं. मग यादीत का नाही आलं?

कारण लहानपणी जत्रेत फड आला की आम्हा पोरांना लवकर झोपवत. गोधडीत हलगी ऐकू यायची आणि सकाळी त्याबद्दल कोणी बोलायचं नाही. ती गोधडी मी अजून अंगावर घेऊन फिरतोय, आणि 'आमच्याकडे काही नाही' हे वाक्य तिच्याच आतून येतं. परक्या चिटचं नाव दगडावर टिकलं. माझ्याच भागातली रात्र जागवणाऱ्या बाईंचं नाव मी स्वतःच्या हाताने गाळलं होतं.

सोमवारी त्या मुलाला सुधारित यादी दिली: नाणेघाट, शिवनेरीची लेणी, लेण्याद्री आणि पाडव्याच्या आसपास नारायणगाव. राहुट्या बघायला मीही बरोबर येणार आहे, पहिल्यांदाच.

यादी वाचून त्याने विचारलं, "आणि जेवायचं कुठे?"

म्हटलं, मंचरला, आमच्या घरी. आईच्या हातची मासवडी आणि रस्सा.

भोजनमंडप बांधायची काही आपली ऐपत नाही. तूर्तास इतकंच.