खिशातला बुलडॉग : लहान रिव्हॉल्व्हर, मोठी गोळी

रिव्हॉल्व्हर जितके लहान तितके ते बाळगायला सोपे आणि गोळी जितकी मोठी तितका तिचा आघात मोठा. या दोन्ही गोष्टी एकाच शस्त्रात आणण्याचा प्रयत्न बंदूक बनविणारे कारागीर गेली दीडशे वर्षे करीत आले आहेत. तळहातात मावणारे, आखूड नळीचे, पाच काडतुसांचे आणि तरीही सुमारे अकरा मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणारे रिव्हॉल्व्हर हे त्या प्रयत्नाचे फळ. अमेरिकेत अशा शस्त्राचा स्वतंत्र चाहतावर्ग आहे. मात्र दुकानात हातात घेताना सोयीचे वाटणारे हे शस्त्र झाडताना तितकेच अवघड ठरते. ते विकत घेणारा नेमके काय पदरात पाडून घेतो आणि त्याची किंमत कशी मोजतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

बर्मिंगहॅम ते कनेक्टिकट

या प्रकाराचा मूळ पुरुष इंग्लंडमधील बर्मिंगहॅमचा. तेथील फिलिप वेब्ली अँड सन या पेढीने १८७२मध्ये 'ब्रिटिश बुलडॉग' नावाचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. अडीच इंचांची, म्हणजे सुमारे ६४ मिलिमीटरची नळी, पाच काडतुसे आणि पॉइंट ४४२ किंवा पॉइंट ४५० बोअर अशी त्याची ठेवण होती. कोटाच्या खिशात सहज राहणारे हे शस्त्र इतके खपले, की बेल्जियम, स्पेन, फ्रान्स आणि अमेरिकेतील कारखानदारांनी त्याच्या नकला काढल्या.

त्याचे नाव इतिहासात गेले ते मात्र एका हत्येमुळे. २ जुलै १८८१ रोजी वॉशिंग्टनच्या रेल्वे स्थानकावर चार्ल्स गिटो याने अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्या बुलडॉग जातीच्याच रिव्हॉल्व्हरमधून. गारफील्ड यांचे १९ सप्टेंबर रोजी निधन झाले. खिशात लपणारे शस्त्र संरक्षणासाठी जितके सोयीचे, तितकेच घातपातासाठीही, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

'बुलडॉग' हे नाव पुढे अमेरिकेत पुन्हा अवतरले. कोल्ट, हाय स्टँडर्ड आणि स्टर्म रूगर या कंपन्यांत काम केलेल्या डग्लस मॅक्लेनाहान यांनी १९६४मध्ये कनेक्टिकट राज्यात 'चार्टर आर्म्स' ही कंपनी काढली आणि १९७३मध्ये या कंपनीने पॉइंट ४४ स्पेशल काडतुसाचे 'बुलडॉग' आणले. वजन सुमारे ६०० ग्रॅम आणि काडतुसे पाच. या रिव्हॉल्व्हरलाही बदनामी चुकली नाही. १९७६ व १९७७ या दोन वर्षांत न्यूयॉर्क शहराला दहशतीखाली ठेवणाऱ्या डेव्हिड बर्कोविट्झने सहा जणांचे प्राण घेतले, ते याच बुलडॉगने. 'सन ऑफ सॅम' हे टोपणनाव रूढ होण्यापूर्वी वृत्तपत्रे त्याचा उल्लेख 'पॉइंट ४४चा मारेकरी' असाच करीत असत.

पाचच काडतुसे का?

रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे एका फिरत्या चक्रात, म्हणजे सिलिंडरमध्ये बसतात. काडतूस जाड असेल तर सहा घरांचे चक्र रुंद होते आणि शस्त्र खिशात फुगते. एक घर कमी केले की चक्राचा घेर घटतो. आणखीही एक लाभ होतो. चक्राला जागच्या जागी अडवून धरण्यासाठी त्याच्या बाहेरील अंगावर खाचा कोरलेल्या असतात. सहा घरांच्या चक्रात या खाचा बहुधा घराच्या पातळ भिंतीवर येतात, तर पाच घरांच्या चक्रात त्या दोन घरांमधील भरीव पोलादावर येतात. त्यामुळे आकाराने लहान असूनही चक्राची मजबुती टिकते.

पॉइंट ४४ स्पेशल हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १९०७च्या सुमारास आणले. त्याची पारंपरिक गोळी २४६ ग्रेन, म्हणजे सुमारे १६ ग्रॅम वजनाची असून तिचा वेग सेकंदाला सुमारे २३० मीटर असतो. वेग बेताचा आणि गोळी जड, हा त्याचा स्वभाव. याच काडतुसाचे कवच सुमारे तीन मिलिमीटरने लांबवून १९५०च्या दशकात पॉइंट ४४ मॅग्नम तयार झाले. १९७१च्या 'डर्टी हॅरी' चित्रपटाने जगभर पोचविले ते हे मॅग्नम. मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये स्पेशल काडतूस चालते. त्याउलट, कमी दाबासाठी बनविलेल्या स्पेशलच्या रिव्हॉल्व्हरमध्ये मॅग्नम बसू नये, हा कवच लांबविण्यामागचा हेतू होता. काडतूस घेताना शस्त्राच्या नळीवर कोरलेले नाव वाचणे म्हणूनच अगत्याचे.

धक्क्याचे गणित

गोळी पुढे जाते तेव्हा शस्त्र मागे येते, हा न्यूटनचा तिसरा नियम. या मागे येण्यातील ऊर्जा शस्त्राच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात असते. तेच काडतूस सव्वा किलोच्या मोठ्या रिव्हॉल्व्हरमधून झाडले आणि ६०० ग्रॅमच्या बुलडॉगमधून झाडले, तर दुसऱ्या वेळी हाताला बसणारा धक्का ऊर्जेच्या हिशेबाने दुपटीहून अधिक असतो. लहान मुठीमुळे हा धक्का तळहाताच्या थोड्याच भागावर एकवटतो आणि आखूड नळी झटक्याने वर उसळते. पहिली गोळी झाडल्यानंतर नेम पुन्हा लक्ष्यावर आणण्यास लागणारा वेळ म्हणूनच वाढतो.

या धक्क्याचा परिणाम शस्त्रात उरलेल्या काडतुसांवरही होतो. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये एकामागून एक बार झाल्यावर शिल्लक काडतुसांतील गोळी आपल्या कवचातून किंचित पुढे सरकू शकते. ती चक्राबाहेर डोकावली की चक्र फिरेनासे होते आणि शस्त्र ऐन वेळी अडून बसते. जाणकार नेमबाज म्हणूनच नव्या प्रकारची काडतुसे आधी सराव केंद्रावर तपासून घेतात.

नेमाचे गणितही असेच निर्दय आहे. पुढील माशी आणि मागील खाच यांतील अंतर दहा सेंटिमीटर असेल आणि त्यांच्या जुळणीत एक मिलिमीटरची चूक झाली, तर दहा मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर बाजूला जाते. हेच अंतर वीस सेंटिमीटर असेल तर चूक निम्मी होते. शिवाय घोडा न चढविता केवळ चाप ओढून बार काढायचा, तर अशा रिव्हॉल्व्हरला साधारण पाच किलोंचा जोर लागतो. सहाशे ग्रॅमची वस्तू स्थिर धरून तिच्यावर पाच किलोंचा जोर लावणे, आणि तेही नळी तसूभर न हलविता, ही सरावाने साधणारी कला आहे. कपाटात वर्षभर पडलेले शस्त्र संकटाच्या क्षणी ही कला आपोआप शिकवीत नाही.

सराव करताना

लहान रिव्हॉल्व्हरचा सराव बेताबेताने करावा, असा शहाणपणाचा प्रघात आहे. सौम्य काडतुसांपासून सुरुवात करावी आणि मनगट दुखू लागण्यापूर्वी थांबावे. धक्क्याची एकदा धास्ती बसली की चाप ओढण्याआधीच हात दचकतो आणि ही खोड मोडणे कठीण जाते. चापाचा सराव रिकाम्या शस्त्रावर, नकली काडतुसे घालूनही करता येतो. मात्र शस्त्र रिकामे असल्याची दोनदा खात्री करावी आणि खरी काडतुसे त्या खोलीतही ठेवू नयेत.

चक्र आणि नळी यांच्यामधील बारीक फटीतून प्रत्येक बाराबरोबर तप्त वायू बाहेर फेकला जातो. त्यामुळे दुसऱ्या हाताची बोटे चक्राच्या पुढे कधीही जाता कामा नयेत. बाराचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो, तेव्हा कानांना आणि डोळ्यांना संरक्षण हवेच. शिशाचा अंश हातांवर राहतो, म्हणून सरावानंतर काही खाण्याआधी हात स्वच्छ धुवावेत.

हातातून पडले तर?

जुन्या बनावटीच्या अनेक रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्याचे टोक थेट काडतुसाच्या बुडावर टेकलेले असे. शस्त्र खाली पडले आणि घोड्यावर आघात झाला, की बार उडे. म्हणूनच जुन्या काळी घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची चाल होती. नव्या बनावटीत घोडा आणि फायरिंग पिन यांच्यामध्ये एक पट्टी असते. चाप पूर्ण ओढला तरच ती वर येऊन घोड्याचा आघात पुढे पोचविते, एरवी घोडा पिनेपर्यंत पोचतच नाही. विकत घेताना, आणि वडिलोपार्जित शस्त्राच्या बाबतीत तर विशेषच, ही सोय आहे की नाही हे परवानाधारक कारागिराकडून तपासून घ्यावे.

हा प्रश्न पुस्तकी नाही. १ ऑक्टोबर २०२४ रोजी पहाटे मुंबईत अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी शिरली. शस्त्र कपाटात ठेवताना हातातून निसटले, असे तेव्हा सांगण्यात आले. शस्त्र ठेवण्यापूर्वी ते रिकामे करणे, ही सवय कोणत्याही यांत्रिक सोयीपेक्षा भरवशाची.

अमेरिकेतील मराठी माणसासाठी

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या हेलर खटल्यात घरात हँडगन बाळगण्याचा, तर २०२२च्या ब्रुएन खटल्यात ती घराबाहेर बाळगण्याचा नागरिकांचा हक्क मान्य केला. १९६८च्या कायद्यानुसार परवानाधारक विक्रेता २१ वर्षांखालील व्यक्तीला हँडगन विकू शकत नाही. खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासण्याची तरतूद १९९३च्या ब्रेडी कायद्याने आली. याशिवाय प्रत्येक राज्याचे नियम वेगळे आहेत.

तेथे शिकणाऱ्या किंवा नोकरी करणाऱ्या आपल्याकडील तरुणांनी एक गोष्ट मनात पक्की धरावी. विद्यार्थी व्हिसा किंवा एच-१बी यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर गेलेल्या व्यक्तीला बंदूक किंवा काडतूस बाळगण्यास तेथील केंद्रीय कायद्याने सर्वसाधारणपणे मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असणे यासारखे मोजकेच अपवाद आहेत. मित्रांच्या आग्रहाने सराव केंद्रावर भाड्याने घेतलेले रिव्हॉल्व्हरही या मनाईत येते. अर्ध्या तासाच्या हौसेपायी खटला आणि मायदेशी पाठवणी ओढवू शकते. ग्रीनकार्डधारकांना ही अडचण नाही.

भारतात काय?

आपल्याकडे शस्त्र बाळगणे हा हक्क नसून १९५९च्या शस्त्र कायद्याखाली मिळणारी परवानगी आहे. अर्ज मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पोलिस आयुक्तांकडे, तर जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे करावा लागतो. अर्जदार २१ वर्षांचा असावा लागतो. २०१९च्या दुरुस्तीने एका व्यक्तीला ठेवता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. लग्नकार्यात किंवा मिरवणुकीत बेपर्वाईने बार काढून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

लष्करी काडतुसे बसणारी पॉइंट ३८० व पॉइंट ४५५ बोअरची रिव्हॉल्व्हर निषिद्ध गटात मोडतात आणि परदेशी शस्त्रांची आयात १९८०च्या दशकापासून सर्वसामान्यांसाठी बंद आहे. त्यामुळे नागरिकांच्या हाती येते ते प्रामुख्याने पॉइंट ३२ बोअरचे देशी रिव्हॉल्व्हर. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४मध्ये आणलेले 'निर्भीक' आणि २०२३मध्ये आलेले 'प्रबल' ही त्याची उदाहरणे. गोळी लहान असली तरी आखूड नळी, कठीण चाप आणि थोडा सराव या अडचणी त्यांनाही लागू आहेतच.

कपाटातले शस्त्र

अमेरिकेत २०२१मध्ये बंदुकीने ४८,८३० जणांचा बळी घेतला आणि त्यांतील २६,३२८ आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून अधिक वेळा शस्त्र परक्यावर नव्हे, स्वतःवरच चालले. म्हणूनच शस्त्र कुलुपात, काडतुसे वेगळ्या कुलुपात आणि किल्ली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी, हा नियम नेमबाजीच्या कौशल्याइतकाच महत्त्वाचा. घरात कोणी निराशेने ग्रासलेले असेल, तर शस्त्र काही काळ घराबाहेर परवानाधारक विक्रेत्याकडे ठेव म्हणून ठेवण्याची कायदेशीर सोय आपल्याकडेही आहे. तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

लहान रिव्हॉल्व्हर कमरेला जड होत नाही, हे खरे. पण वाचलेल्या प्रत्येक ग्रॅमची भरपाई मनगटाने, सरावाच्या तासांनी आणि रोजच्या दक्षतेने करावी लागते. ती करण्याची तयारी नसेल, तर ते शस्त्र दुकानाच्या काचेआड राहिलेलेच बरे.